बीपीच्या पट्ट्याला मारलेली टीप

आमच्या गल्लीत उन्हाळा सुरू झाला हे टँकरच्या हॉर्नवरून कळतं. काल दुपारी बीड बायपासकडून तो हॉर्न आला, दोन लांब आणि एक आखूड, आणि माझ्या हातातली कात्री जागीच थांबली. समोर एका नवरीच्या ब्लाउजचं कापड पसरलेलं, खडूच्या रेघा मारून झालेल्या, बाहेर उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. उठताना मी टेबलाचा काठ धरला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि मग उभी राहिले. आता खरं तर त्याची गरज नसते. वजन ठिकाणावर आहे, दाब अर्ध्या गोळीवर आहे, डोकं गरगरत नाही. पण वैशाखातला टँकर वाजला की माझा हात आपणहून काठ शोधतो. बाकीच्या बायका हंडा शोधतात.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. त्या सालात पाऊस पाहुण्यासारखा येऊन, पाणीसुद्धा न पिता निघून गेला होता. होळीच्या आधीच विहिरींचे तळ दिसायला लागले. आमच्या सातारा परिसरात तर तेव्हा घरं आधी आली होती आणि नळ मागून येणार होते. जिथं ज्वारी डुलायची तिथं प्लॉटचे दगड रोवलेले, दगडांवर चुन्यानं नंबर, आणि रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीचा स्लॅब पडायचा. माणसं दाराबाहेर बसून तीनच गोष्टी बोलायची: नाथसागर धरण किती उतरलं, बायपासच्या पलीकडं किती इमारती चढल्या, आणि शिवणकामवाली सुभद्राबाई किती वाळली.

कारण त्याच फाल्गुनात माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, वजन कमी करायचं.

त्याआधी मी एकशे अठरा किलोची होते. हे मी लपवत नाही. लपवण्याजोगं ते नव्हतंच. शिंप्याचा टेप साठ इंचाचा असतो. गल्लीतल्या कुठल्याही बाईला तो पुरून उरायचा, पण माझं स्वतःचं माप घ्यायचं म्हटलं की टेपाची दोन टोकं जेमतेम एकमेकांचं तोंड बघायची. रिक्षात मी बसले की रिक्षावाला पुढच्या सवारीला हातानंच नाही म्हणायचा. गुडघे कुरकुरायचे, दोन जिने चढले की छाती भात्यासारखी चालायची, आणि दाब तर एकशे सत्तरच्या खाली यायला तयारच नव्हता. दोन गोळ्या होत्या. एक दाबाची, पिवळी. दुसरी पाण्याची, पांढरी आणि इवलीशी. ती अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढून टाकते, म्हणजे नसांवरचा भार हलका होतो. सकाळी आठच्या ठोक्याला मी दोन्ही घ्यायचे. चौदा वर्षांत एकदाही चुकले नाही. देवाची पूजा चुकली असेल, नवऱ्याचा डबा चुकला असेल, गोळी नाही.

त्याला कारण होतं माझी आई. वैजापूरकडच्या आमच्या गावात आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आईला दाब होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, नाही मिळाल्या तर वैजापूरच्या दुकानातून आणायच्या. एका सालात तिनं म्हणे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या घेणं सोडलं आणि आठवड्याभरात लकवा मारला. उजवं अंग गेलं. तीन वर्षं ती खाटेवर होती. जी बाई डोक्यावर पाटी आणि कडेवर कोकरू घेऊन दिवसाला दहा कोस चालायची, तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. मी तिचं सगळं केलं, पण केलं ते चिडून. “तुला कुणी सांगितलं होतं शाणपणा करायला?” असं मी तिला रोज म्हणायचे. तिला नीट बोलता यायचं नाही. ती नुसती बघायची. ती गेल्यावरही मी ज्याला त्याला हेच सांगत राहिले, की माझी आई हट्टीपणानं गेली, गोळी सोडू नका. गल्लीत कुणाला दाब निघाला की त्याला चहा आणि आईची गोष्ट, दोन्ही माझ्याकडं मिळायचं.

तर ऑपरेशन. आमचे हे वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. कंपनीच्या विम्यात बसतंय म्हटल्यावर ह्यांनीच जोर धरला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. तुमचं पोट म्हणजे ही पिशवी, त्यातली एवढी कापून टाकायची, उरेल ती केळ्याएवढी. मला त्यात नवल वाटलं नाही. ढगळा ब्लाउज उसवून आत घ्यायचा, तेच हे. मी फक्त विचारलं, “बाई, टीप दुहेरी माराल ना?” त्या बिचाऱ्या हसल्या.

घरी आले ती सूचनांचा कागद घेऊन. एका वेळी दोन चमचे खायचं. चावून चावून खायचं. आणि सगळ्यांत मोठी सूचना अशी की दिवसाला दोन लिटर पाणी प्यायचंच, पण एकदम नाही. औषधाच्या बाटलीवरचं छोटं माप असतं तेवढं, घोट घोट, दिवसभर. आता बघा, आख्खं शहर पाण्यासाठी वणवण करतंय, ज्यांच्याकडं नळ आहे त्यांच्याकडंही तो आठवड्यानं एकदा खोकतोय, आणि मी झोपाळ्यावर बसून दर पाच मिनिटांनी एक घोट पितेय. येणारेजाणारे असे बघायचे की मी दारू पितेय. शेजारचे म्हातारबा एकदा म्हणाले, “बाई, आत जाऊन प्या की. लोकांना तहान लागती.”

पाहुण्यांची तर वेगळीच कथा. आमच्याकडं माणूस आजारी पडलं की त्याला भेटायला जायचं, आणि भेटायला गेलं की खाऊ घालायचं, ही रीत. माझी नणंद पैठणहून पुरणपोळ्या घेऊन आली. मी म्हटलं, चमचाभर पुरण खाईन. तिचा चेहरा उतरला. “वयनी, माझ्या हाताचं एवढं वाईट झालं व्हय?” मी सांगितलं, पोटात जागाच नाही. ती म्हणाली, “एका पोळीला काय जागा लागती? पोळी चपटी असती.” शेवटी ह्यांनी माझ्या वाटच्या तीन पोळ्या खाल्ल्या तेव्हा कुठं ती शांत झाली. असं करत करत दोन महिन्यांत माझं वजन सत्तावीस किलोनं उतरलं आणि ह्यांचं सहानं चढलं.

आता मुद्द्याचं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पाण्याची पांढरी गोळी आजपासून बंद. वजन उतरेल तसा दाब आपणच उतरेल, खाणंपिणंही कमी, त्यात पाणी काढणारी गोळी घेतली तर चक्कर येऊन पडाल. पिवळी चालू ठेवा, रोज दाब मोजून वहीत लिहा, आकडा कमी यायला लागला की मला फोन करा, ती पण कमी करू. मी मान हलवली. ह्यांनी तर वहीला खाकी कव्हर घातलं.

आणि मी घरी येऊन पांढऱ्या गोळीची आख्खी पाकिटं बॉबिनच्या डब्यात लपवली.

कुणी म्हणेल, शिकलेली बाई, असं कसं केलं? अहो, भीतीला कुठं शाळा असते! डॉक्टरीणबाई म्हणाल्या बंद, आणि माझ्या डोळ्यांसमोर आईची खाट आली. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची, हेच तर आईनं केलं होतं. मी म्हटलं, एवढीशी गोळी, घेतली तर काय बिघडणार आहे? रोज आठ वाजता पिवळी सगळ्यांसमोर घ्यायची आणि पांढरी मशीनवर बसल्यावर, दोऱ्याचा रीळ शोधल्यासारखं करून. म्हणजे शहर थेंब थेंब साठवत होतं, मी घोट घोट पीत होते, आणि प्यायलेलं गोळी घेऊन बाहेर काढत होते.

दाब मोजायचं मशीन मला शिकवलं ते समोरच्या कुसुमताईंनी. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. सकाळी दारात पाणी शिंपडणं बंद झालं होतं तरी रांगोळी चुकायची नाही, आणि रांगोळीवर पाय पडला तर बोलणंही चुकायचं नाही. त्यांनी मला बजावलं होतं, “मोजायच्या आधी पाच मिनिटं गप बसायचं. तुमच्यानं होईल का?” आणि दुसरं सांगितलं होतं ते पट्ट्याचं. दंडाच्या मापाचा पट्टा पाहिजे. लहान पट्टा मोठ्या दंडाला बांधला तर आकडा फुगतो, मोठा पट्टा बारीक दंडाला बांधला तर आकडा उगीच कमी दिसतो. माझा दंड तेव्हा नारळाएवढा, म्हणून आम्ही मोठ्यात मोठा पट्टा घेतला होता.

चैत्र सरता सरता आकडे घसरायला लागले. एकशे तीस, एकशे वीस, एकशे बारा. हे खूश झाले. एके दिवशी एकशे दोन आला. मी हात पुढं करून पट्ट्याकडं बघितलं. दंड उतरला होता, कातडं लोंबत होतं, आणि पट्टा त्याच्याभोवती लग्नातल्या भाड्याच्या शेरवानीसारखा ढगळ. मला लगेच उलगडा झाला. माप चुकलं की सगळं चुकतं, हे तीस वर्षं मी पोरींना शिकवत आले. आकडा कमी नाहीच मुळी, पट्टा सैल आहे! दाब आहे तिथंच आहे, नुसता दिसत नाही. मग तर गोळी बिलकुल सोडायची नाही.

आता दुसरी कुणी असती तर नवा पट्टा आणला असता. मी शिंपीण. दुपारी हे कामावर गेले, मी पट्टा शिलाई मशीनवर घेतला, दोन्ही बाजूंनी दीड दीड इंच आत घेतला, सोळा नंबरची सुई लावली आणि टीप मारली. अशी सरळ टीप, सांगते, दृष्ट लागावी. बांधून बघितला, अगदी अंगासरशी. बटण दाबलं. मशीन घुंई करायला लागलं, आणि पट्ट्यातून फुस्स! आत रबराची पिशवी असते हे मला काय ठाऊक? माझ्या सुईनं तिला ओळीनं भोकं पाडली होती. मशीनच्या तोंडावर आकड्याऐवजी इंग्रजी ई आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ई.

ह्यांना सांगावं, तर हे हसले असते. मला कुणी हसलेलं खपत नाही. मी मशीन डब्यात घातलं आणि पुढं आठ दिवस वहीत आकडे मनानं लिहिले. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. एकशे तीस, ब्याऐंशी. मधेच एखादा एकशे छत्तीस, खरं वाटावं म्हणून. संध्याकाळी हे वही बघायचे आणि म्हणायचे, “वा, कसा एका रेषेत चाललाय.” चालणारच. आखणारी मीच होते.

ह्याच दिवसांत म्हाळूदादा आला. माझा थोरला भाऊ, त्यानं अजून मेंढरं सोडलेली नाहीत. गावाकडं ना चारा ना पाणी, म्हणून दोनशे मेंढरं, दोन घोडी आणि वहिनीला घेऊन तो चालत चालत आमच्या अंगाला आला. नंबर लावलेल्या मोकळ्या प्लॉटांवर त्यानं वाघर लावली, म्हणजे जाळीचं कुंपण. मागं सात मजली इमारत, बाल्कनीत वाळत घातलेल्या जीन्सच्या पँटी, आणि खाली बें-बें करणारी मेंढरं. सकाळी खंडोबाच्या देवळाकडून येताना तो भंडारा घेऊन माझ्याकडं यायचा, ओट्यावर उकिडवा बसायचा आणि मला बघून मान हलवायचा. “सुभे, तुला भादरली का काय गं डागदरनं? लोकर उतरून घेतल्यावानी दिसती.”

त्याची कोकरं तहानेनं जिभा काढायची. बांधकामावरचा वॉचमन एखादी बादली द्यायचा, ती दोनशे जनावरांत कुठं पुरते? ते बघून माझ्या घशाखाली पाणी उतरेना. मी बाटलीतलं निम्मं पाणी बाजूला काढून दादा निघाला की त्याच्याबरोबर कोकरांना पाठवून द्यायला लागले. दोन लिटरांचं एक लिटर झालं. आधीच गोळी, त्यात हे. उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मला वाटायचं, हाच तो वाढलेला दाब. आईलाही लकव्याच्या आधी अशीच अंधारी यायची. म्हणून भीतीनं मी एक दिवस पांढरी गोळी एकाच्या दोन घेतल्या. खरंच घेतल्या.

तोच टँकरचा दिवस होता. दोन लांब, एक आखूड. गल्ली पेटल्यासारखी उठली. टँकरवाले शकूरभाई वरून ओरडले, “आपा, पाइप पकडो, प्रेशर जादा है!” ह्यांची सुट्टी होती, त्यांनी पाइपाचं तोंड धरलं. मी बसले होते ती ड्रमचं झाकण काढायला झटक्यात उठले. समोरची सात मजली इमारत तिरकी झाली, आणि मी धाडकन खाली.

ह्याच्यापुढचं मला ऐकू आलं, दिसलं नाही. गल्लीत एकच गलका. “बाई पडली!” “आधी पाणी बघा, पाणी चाललं!” “ड्रम सरकवा!” आणि शकूरभाईंचा आवाज, “अरे मियाँ, पाइप छोडो, आपा को पकडो!” कारण आमचे हे पाइप धरूनच उभे होते. मी सात जन्म हे विसरणार नाही. हे अजून म्हणतात, “अगं, सोडला असता तर तुझ्याच तोंडावर आला असता. आधी ड्रममध्ये टाकला, मग धावलो.” असेल. पण बायको आणि पाइप ह्यांत पाइप आधी सुटायला पाहिजे होता.

मला उचललं ते म्हाळूदादानं. ओट्यावर आडवं केलं, पाय पोत्यावर ठेवले. बायका म्हणायला लागल्या, दाब चढला, दाब चढला, गोळी द्या. मीही पडल्या पडल्या म्हणतेय, “डब्यात... बॉबिनच्या डब्यात...” दादानं कुणाचं ऐकलं नाही. त्यानं माझ्या गळ्याखालचं कातडं चिमटीत धरलं आणि सोडलं. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग पुन्हा चिमटी. मेंढीचं करतात अगदी तसं.

“पाणी नाय हिच्या अंगात,” तो म्हणाला.

त्याही अवस्थेत मला राग आला. म्हटलं, “अरे, ते ऑपरेशननं सैल झालेलं कातडं आहे!”

“सैल कातडं पडतं, सुभे. हे उभं राहतंय. दोनशे जनावरांचं कातडं रोज धरतो मी. मला नको शिकवू.”

तोवर सिस्टर आल्या, आपलं जुनं पाऱ्याचं मशीन आणि मधल्या मापाचा पट्टा घेऊन. टँकरमधून पाण्याची धार पडतेय तेवढाच आवाज. सिस्टरनी दोनदा मोजलं आणि ह्यांच्याकडं बघितलं. “वरचा ब्याऐंशी. काल किती होता?”

“एकशे तीस,” ह्यांनी वहीच काढून दाखवली.

“मशीन आणा.”

मी डोळे मिटून घेतले. मशीन आलं. सिस्टरनी पट्टा उलटा केला, सुलटा केला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ह्याला टीप कुणी मारली?” पोरंठोरंसुद्धा ओळखतील अशी ती माझी टीप. मग बॉबिनचा डबा उघडला. गोळीची रिकामी पाकिटं बाहेर आली, एकामागून एक. हे ती हातात घेऊन नुसते उभे राहिले. मला वाटलं होतं, हसतील. ते रडत होते.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, हेच जास्त लागलं. खुर्ची ओढून जवळ बसल्या आणि विचारलं, का? मी सगळं सांगितलं. आई, खाट, तीन वर्षं. म्हटलं, “बाई, मला मरणाचं काही नाही. मला तसं पडून राहायची भीती वाटते. माझं कुणी चिडून करेल ह्याची वाटते.” त्या म्हणाल्या, “आईला गोळी सुटल्यामुळं झालं असेल. तुम्हाला नको ती गोळी घेतल्यामुळं झालं असतं. गोळी म्हणजे ताईत नाही, सुभद्राबाई, ती अंगाच्या मापाची लागते. तुमचं माप बदललंय.” आता हे मला कळायला नको? पिवळीसुद्धा बंद केली त्यांनी. पाणी प्यायचं, उठताना काठ धरून दहापर्यंत मोजायचं, आणि दाब सिस्टरनी मोजायचा, मी नाही. आकडा पुन्हा चढायला लागला तर तेव्हाची गोळी तेव्हा ठरवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. हे औषधाच्या दुकानात गेले होते. दादा ओट्यावर होता, मी उंबऱ्यात बसून माप माप पाणी पीत होते. मी नेहमीचंच बोलले, की आई अशीच हट्टी होती, मी तिच्यावर गेले. तिनं गोळी सोडली, मी धरली, दोघी एकाच जातीच्या.

दादानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, “आईनं सोडली नव्हती.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“संपली होती. रिकामं पाकीट तिनं माझ्यापाशी दिलं, वैजापूरच्या बाजारातून घेऊन ये म्हणली. त्या हप्त्यात मेंढरांच्या खुरांत रोग शिरला होता. मी खुरांचं औषध आणलं. तिची गोळी इसरलो. घरी आलो तर ती म्हणली, राहू दे रे, बरं वाटतंय मला, फुडल्या बाजारी आण.” तो ओट्यावरची माती नखानं खरवडायला लागला. “फुडल्या बाजारी ती खाटंवर होती. म्या तुला कधीच सांगितलं नाय. तू तिला बोलायची ना, लई बोलायची, तवा ती माझ्याकडं बघायची. सांगू नको म्हून बघायची.”

माझ्या हातातलं माप खाली पडलं. तीन वर्षं. रोज म्हणत होते मी, तुला कुणी सांगितलं होतं शाणपणा करायला. आणि ती बघायची. मला वाटायचं, वाचा नाही म्हणून बघते. मी दादावर भडकायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडं बघितलं. पासष्टीचा माणूस, पागोटं मांडीवर काढून ठेवलेलं, पोरासारखा खाली मान घालून बसलेला. मी भडकू शकले नाही. आम्ही दोघं मोठ्यानं रडलो. समोर सिस्टर दार उघडून उभ्या राहिल्या, काय झालं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी दार पुन्हा लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला दादा हजर. मेंढरं वहिनीवर टाकून आलेला. मी विचारलं, काय रे? तर म्हणाला, काय नाय, चहा दे. चहा घेतला, ओट्यावर बसला आणि आत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. मीही. आठ वाजले. चौदा वर्षांत पहिल्यांदा घरात आठ वाजले आणि माझ्या हातात गोळी नव्हती. हात मी मांडीखाली दाबून धरले. हे दारात उभे होते, कामावर जायचे कपडे घालून, बूट हातात धरून. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली.

दादा म्हणाला, “उठ. सावकाश. चालून दाखव.”

मी ओट्याचा काठ धरला, दहापर्यंत मोजलं आणि उठले. उजवा पाय टाकला, मग डावा. उजव्या हातानं फाटकाची कडी काढली, लावली. परत आले. दादाचे डोळे माझ्या उजव्या पायावरच होते.

“आणखी एकदा,” तो म्हणाला.